पहिला गिअर

2018 च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. रविवारची सकाळ होती, पाऊस नव्हता, आणि माझ्या लेकीने माझी एमजीबी पहिल्यांदा चालवायला मागितली. तिच्या हातात लायसन्स येऊन चार वर्षं झाली होती. स्वतःची छोटी गाडी घेऊन ती रोज हॉस्पिटलच्या ड्युटीवर जाते. बर्मिंगहॅमच्या ट्रॅफिकमध्ये ती माझ्यापेक्षा बरी चालवते, हे मी घरात कबूल करत नाही, पण खरं आहे. मी किल्ली दिली आणि शेजारी बसलो.

गल्लीच्या टोकाला थांबायची रेषा आहे. गाडी जवळजवळ थांबली होती, पण पुरती नाही. माणूस चालतो तेवढ्या वेगाने सरकत होती. समोरचा रस्ता मोकळा दिसला म्हणून लेकीने क्लच दाबून सरळ पहिला गिअर टाकला. खर्रर्र! दातावर दात घासल्याचा तो आवाज पायाखालून आला. तिने चटका बसावा तसा दांड्यावरचा हात मागे घेतला.

"मोडलं का काही?"

"नाही गं. हिला चालत्या गाडीत पहिला असा घेता येत नाही."

"मग कसा घेतात?"

"डबल क्लच मारून."

मी तिला समजावून सांगितलं. तिने तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा तोच आवाज आला. चौथ्यांदा तिने गाडी कडेला घेतली, उतरली, आणि किल्ली माझ्या हातात ठेवत म्हणाली, "पप्पा, छान आहे तुमची गाडी. पण ही फक्त तुमचीच आहे."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रागावली नव्हती. एखाद्या वस्तुसंग्रहालयातून बाहेर पडल्यासारखी ती माझ्या गाडीतून उतरली होती.

आता ही गाडी माझ्याकडे आली कशी, ते सांगतो. मी बस ड्रायव्हर. बर्मिंगहॅममध्ये गेली वीसेक वर्षं बस चालवतो, आणि ती ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअरचा दांडा नाही. आठ तास डाव्या पायाला काही काम नसतं. अशा माणसाला दोन सीटची, उघड्या टपाची, 1965 सालची स्पोर्ट्स कार घ्यायची काय गरज, असं आमच्या मशिदीतले मित्र विचारतात. एकाने तर विचारलं, "यात बायको बसवणार की पोरगी?" मी म्हणालो, "जी आधी तयार होईल ती."

खरं कारण इंजिन. इथे आलो त्या दिवसांत आमच्या रस्त्यावर एक गोरा म्हातारा त्याच्या एमजीबीचं बॉनेट उघडून उभा होता. जाता जाता मी डोकावलो आणि तिथेच थांबलो. ते इंजिन माझ्या ओळखीचं होतं. झाकणाची ठेवण, प्लगांची रांग, कार्ब्युरेटरची ती उभट डबी. इथे एकाच्या जागी दोन होत्या, एवढाच फरक. खेडला आमच्या अंगणात अब्बांच्या ॲम्बॅसेडरमध्ये हेच तर होतं!

पुढे समजलं की माझे डोळे चुकले नव्हते. ॲम्बॅसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. तिचे साचे इंग्लंडहून बंगालमधल्या उत्तरपाऱ्याला गेले आणि 2014 पर्यंत ती तिथे बनत राहिली. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. त्याच मॉरिसच्या ऑक्सफर्डमधल्या गॅरेजमधून निघालेलं नाव. एमजीबी बनली ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला, 1962 ते 1980, पाच लाखांहून अधिक. दोन्ही गाड्यांत बीएमसी कंपनीचं 'बी सीरिज' इंजिन. ॲम्बॅसेडरमध्ये 1489 सीसीचं, एमजीबीमध्ये तेच वाढवून 1798 सीसीचं. एक बहीण खेडच्या भरणे नाक्यावर भाडी मारायला गेली, दुसरी लाल रंग लावून इंग्रजांच्या सुट्ट्या साजऱ्या करायला राहिली. घराणं एकच.

अब्बा 2007 मध्ये गेले. पुढच्या वर्षी मी ही गाडी घेतली. एवढं सांगितलं तरी पुरे.

डबल क्लच मला अब्बांनी शिकवला. ज्यांनी जुन्या गाड्या चालवल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. गिअरबॉक्समध्ये दोन गोष्टी फिरत असतात. एकीला इंजिन फिरवतं, दुसरीला चाकं. दोघींचा वेग सारखा नसताना त्यांचे दात एकमेकांत घालायला गेलं की खर्र वाजतं. आजच्या गाड्यांत प्रत्येक गिअरला पितळेची एक निमुळती कडी असते. दात भिडायच्या आधी ती घासते आणि दोन्ही वेग सारखे करते. तिला सिंक्रोमेश म्हणतात. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ॲम्बॅसेडरमध्ये आणि सुरुवातीच्या एमजीबीमध्ये दुसरा, तिसरा, चौथा या गिअरना ही कडी होती; पहिल्याला नव्हती. पहिला फक्त उभ्या गाडीत टाकायचा, असा हिशेब. चालत्या गाडीत हवा असेल तर कडीचं काम ड्रायव्हरने स्वतः करायचं. क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचा, क्लच सोडायचा, इंजिनाला थोडी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर टाकायचा. दोनदा क्लच म्हणून डबल क्लच. रेस कमी पडली तर खर्र, जास्त झाली तरी खर्र.

अब्बांना हे सारखं करावं लागे, कारण कशेडी घाट. आमच्याकडची निम्मी माणसं तेव्हा आखातात. कुणी कुवेतला, कुणी बहारीनला, कुणी सौदीला. रात्री भरणे नाक्यावरून निघायचं आणि पहाटे सहारच्या विमानतळावर पोहोचवायचं. जाणारा एक आणि पोहोचवायला आलेले सात. टपावर ट्रंका, पायाशी लोणच्याच्या बरण्या आणि सुक्या मच्छीची पिशवी. अशी भरलेली गाडी घाटातल्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकू लागली की तिला थांबू देणं परवडायचं नाही. थांबली तर पुन्हा उचलायची कशी? तिथे अब्बांचा डावा पाय दोनदा दबायचा, मध्ये इंजिन एकदा हुंकार द्यायचं, आणि स्टिअरिंगखालचा दांडा आवाज न करता पहिल्यात जायचा. मागे झोपलेल्यांना जागही यायची नाही. मी बारा वर्षांचा असताना पुढच्या सीटवर मध्ये बसून हे पाहायचो. माझ्या लेखी ती जादू होती.

सतराव्या वर्षी अब्बांनी मला ती शिकवली. कानाने ऐक, काट्याकडे बघू नकोस, असं म्हणायचे. आठवडाभर मी गाडीचे दात घासले आणि आठवडाभर ते खिडकीबाहेर बघत बसले. एकदाही ओरडले नाहीत. ज्या दिवशी दांडा आवाज न करता आत गेला, त्या दिवशी त्यांनी नाक्यावर चहा मागवला, आणि पहिल्यांदा माझ्यासाठी पूर्ण कप सांगितला.

तेव्हा हा नुसता गिअर नव्हता. म्हणून लेक किल्ली परत देऊन गेली त्या दिवशी मला जे वाटलं, ते गाडीपुरतं नव्हतं.

नेमकं त्याच हिवाळ्यात गिअरबॉक्सने हात टेकले. तेल बदलायला घेतलं तर तेलाबरोबर दाताचा तुकडा बाहेर आला. या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये इंजिनाचंच तेल घालतात. त्या काळ्या तेलात तो तुकडा दुधाच्या दातासारखा चमकत होता. स्मॉल हीथच्या बाजूला माझ्या ओळखीचे एक उस्ताद आहेत. मूळचे पंजाबी, लॉंगब्रिजचा मोटार कारखाना बंद होईपर्यंत तिथे होते. त्यांनी तो तुकडा बोटांत फिरवून पाहिला आणि म्हणाले, "भाईजान, पहला गिअर तो गया. बाक़ी भी लाइन में खड़े हैं।"

मार्ग तीन होते. पहिला, हाच डबा खोलून नव्या-जुन्या भागांनी पुन्हा भरायचा. खर्च भरपूर, आणि पहिला गिअर पुन्हा तसाच, कडीशिवाय. दुसरा, 1967 च्या अखेरीला एमजीबीला चारही गिअर सिंक्रोचे असलेला डबा आला, तो बसवायचा. पण तो आकाराने मोठा. जुन्या गाडीच्या मधल्या बोगद्यात तो सहज बसत नाही, बॉडीला हात लावावा लागतो. तिसरा मार्ग ऐकून मी हसलोच. माझदा एमएक्स-5 या जपानी गाडीचा पाच गिअरचा डबा. तो या इंजिनाला जोडण्यासाठी तयार बेल हाउसिंग, छोटा केलेला प्रोपेलर शाफ्ट, नवा क्लच, सगळं एकत्र मिळतं. बॉडी कापायची नाही, काही वेल्डिंग करायचं नाही. सगळं नट-बोल्टवर.

"आणि पुन्हा मूळ डबा बसवायचा झाला तर?" मी विचारलं.

"बोल्ट खोलो, वापस लगाओ।"

मी विचार करतो म्हणून सांगितलं आणि महिनाभर गाडी ताडपत्रीखाली ठेवली.

त्या महिन्यात मी जुन्या गाड्यावाल्यांच्या मेळाव्यात दोनदा गेलो. तिथे दोन पक्ष असतात. एकाचं म्हणणं, कारखान्यातून निघाली तशीच गाडी हवी; पट्ट्याचा क्लिपसुद्धा त्या सालचाच हवा. दुसऱ्याचं म्हणणं, गाडी रस्त्यावर चालायला बनवली आहे. ब्रेक सुधारा, दिवे सुधारा, गिअर सुधारा आणि चालवा. दोघेही प्रेमानेच भांडतात. पण पहिल्या पक्षातले लोक गाडीकडे बघून आधी एकच प्रश्न विचारतात: "ओरिजिनल आहे का?"

हा प्रश्न माझ्या कानाला फार सवयीचा आहे. इथे लोक मला विचारतात, तुम्ही ओरिजिनली कुठले? इंडिया म्हटलं की भाषा कुठली विचारतात, मराठी म्हटलं की एखादा भारतीयच म्हणतो, अच्छा, पण मुसलमान ना? मग मराठी कशी? खेडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाला मूळचा कोण, हे पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागतं. आणि आता मीच माझ्या गाडीपुढे पहारेकऱ्यासारखा उभा राहून तिला अस्सलपणाचा दाखला मागत होतो. हे ध्यानात आलं तेव्हा थोडं ओशाळायला झालं.

आमच्यातही हा वाद जुनाच आहे. नमाजात लाउडस्पीकर लावावा की नाही, यावर एके काळी हिंदुस्तानातल्या उलेमांमध्ये मोठी चर्चा झाली. माझ्या आजोबांच्या पिढीतल्या लोकांना त्यावरची भांडणं आठवत. आज त्याच लाउडस्पीकरशिवाय मागच्या सफेत उभ्या माणसाला काही ऐकूच येत नाही. नमाज तीच राहिली, आवाज पोहोचवायची सोय बदलली. पण म्हणून प्रत्येक बदल बरोबरच असतो असंही मी म्हणणार नाही. सोयीच्या नावाखाली मूळ गोष्टच हातातून गेलेली मी पाहिली आहे. प्रश्न असा की या गाडीत मूळ गोष्ट कुठली? लोखंड, की चालवणं, की माझ्या डाव्या पायातली अब्बांची आठवण?

शेवटी खेडला थोरल्या भाईंना फोन केला. म्हटलं, अब्बांची आठवण आहे, हात लावावासा वाटत नाही. भाई एक क्षण गप्प राहिले आणि मग हसायला लागले.

"कसली आठवण घेऊन बसलायस? अब्बांनी ॲम्बॅसेडरचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकलं होतं ते विसरलास?"

खरंच विसरलो होतो. 1983 च्या सुमारास पेट्रोलचा खर्च झेपेना. डिझेल बरंच स्वस्त होतं. तेव्हा कित्येक टॅक्सीवाल्यांनी केलं तेच अब्बांनी केलं. दुसऱ्याच गाडीचं डिझेल इंजिन आणलं, लेथवाल्याकडून जाड लोखंडी प्लेट बनवून घेतली, आणि ते आमच्याच गिअरबॉक्सला जोडलं. आठ दिवस अंगणात इंजिन पडून होतं, त्यावर कोंबड्या बसायच्या. ज्या इंजिनाची ओळख पटून मी इंग्लंडच्या रस्त्यावर थबकलो, ते अब्बांनी कुर्ल्याच्या भंगारवाल्याला विकून टाकलं होतं आणि त्या पैशांत आम्हा भावंडांचे ईदचे कपडे झाले होते. माझ्या आठवणीने कपडे ठेवले आणि इंजिन पुन्हा गाडीत नेऊन बसवलं.

"आणि दुसरं सांगू?" भाई म्हणाले. "अब्बांचा डावा गुडघा आठवतो का? शेवटची दहा वर्षं खुर्चीवर बसून नमाज पढले. सजद्याला कपाळ जमिनीवर टेकता येत नाही म्हणून रडायचे. डॉक्टर वयाचं दुखणं म्हणायचे, अब्बा क्लचचं म्हणायचे. घाट चढताना एकाच्या जागी दोनदा दाबायचा, तोही कसला कडक क्लच! त्यांना कुणी म्हटलं असतं ना, की पहिल्याला पण सिंक्रो लावून देतो, तर त्याच्या हाताचा मुका घेतला असता त्यांनी. तुला ती जादू वाटायची. त्यांना काम होतं ते."

मी इथे होतो. त्या दहा वर्षांत तीनदा घरी गेलो. खुर्ची पाहिली होती. ती खुर्ची आणि तो क्लच यांचा संबंध मी कधी लावला नव्हता.

फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी उस्तादांकडे गेलो.

काम फेब्रुवारीत सुरू झालं. या गाडीत गिअरबॉक्स खालून एकटा काढता येत नाही. इंजिनासकट वर ओढावा लागतो. बॉनेट काढलं, पाणी सोडलं, रेडिएटर काढला, गाडी घोड्यांवर चढवली. मग साखळीच्या पुलीने इंजिन आणि गिअरबॉक्स तिरके करून एकत्र वर आले, विहिरीतून म्हैस काढावी तसे. मी ड्युटी संपवून रोज संध्याकाळी जायचो. उस्ताद मला साफसफाईचं काम द्यायचे, आणि ते योग्यच होतं.

जुना क्लच उघडला तेव्हा त्यांनी मला एक वस्तू दाखवली. क्लच दाबला की जे बेअरिंग प्लेटवर जाऊन टेकतं, ते या गाडीत कोळशासारख्या ग्राफाइटचं असतं. गोळ्या नाहीत, फिरणं नाही. नुसतं घासत राहतं आणि झिजत जातं. माझं जवळजवळ धातूला टेकलं होतं. नव्या जोडणीत गोळ्यांचं बेअरिंग आलं. पेडल दाबून पाहिलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, इतकं हलकं? अब्बांचा गुडघा पुन्हा आठवला.

जपानी डबा शेजारी ठेवला तेव्हा मला त्यातली गंमत कळली. एमएक्स-5 ही गाडी 1989 मध्ये आली. हिरोशिमाच्या कारखान्यात बनणारी, दोन सीटची, उघड्या टपाची. ती घडवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर साठीच्या दशकातल्या अशाच छोट्या इंग्रजी स्पोर्ट्स गाड्या होत्या, हे सगळ्यांना माहीत आहे. इंग्लंडमध्ये तशा गाड्या बनायच्या बंद होत आल्या होत्या. म्हणजे आजीकडे बघून नातीने साडी नेसायला शिकावं, आणि आजीचे गुडघे थकल्यावर तिचा हात धरून तिला जिन्यावरून उतरवावं, तसलं हे नातं. मग डबा परका वाटेना.

एक अडचण स्पीडोमीटरची. त्याची केबल गिअरबॉक्समधून निघते, आणि नव्या डब्याचा हिशेब वेगळा. मध्ये एक छोटी दात्यांची पेटी बसवावी लागली, नाहीतर काट्याने खोटं सांगितलं असतं. दुसरी शंका कायद्याची. इथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्त्याचा कर माफ असतो. तेव्हा गाडीत मोठे फेरफार केले तर तिची जुनी ओळख, जुना नंबर जाऊ शकत होता. मी त्या वेळचा नियम काढून वाचला. गुणांची पद्धत होती: मूळ चासी किंवा बॉडीला 5 गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला 2-2, आणि इंजिनाला 1. एकूण 14. जुनी ओळख टिकवायला 8 लागत. गिअरबॉक्सचे 2 गेले तरी माझ्याकडे 12 उरत होते. ज्या इंजिनासाठी मी गाडी घेतली, त्याला सरकारने सगळ्यात कमी गुण दिले होते. अब्बांनी हा नियम न वाचताच पाळला, असं म्हणायला हरकत नाही.

मार्चमध्ये गाडी जमिनीवर आली. खर्च माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढा झाला. बायकोला मी आकडा सांगितला, आणि तिने तो अजून लक्षात ठेवला आहे.

काय मिळालं ते प्रामाणिकपणे सांगतो. जुन्या डब्याला चारच गिअर आणि माझ्या गाडीत ओव्हरड्राइव्ह नव्हता. ताशी 70 मैलांवर, म्हणजे साधारण 112 किलोमीटरवर, इंजिन मिनिटाला 3900 च्या आसपास फेरे घ्यायचं. मोटरवेवर शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. पाचव्या गिअरमध्ये त्याच वेगाला 3200 च्या आत येतं. सातशे फेरे कमी. इंजिनाला आराम, पेट्रोलला आराम, कानाला आराम. आणि पहिला गिअर सरकत्या गाडीत, एका बोटाने, निमूट आत जातो.

गमावलं काय? जपानी डब्याचा पहिला गिअर जुन्यापेक्षा लांब आहे. जुन्याचा हिशेब 3.64 चा होता, याचा 3.14. म्हणजे चढावर गाडी उचलताना पूर्वीपेक्षा थोडी जास्त रेस आणि थोडा जास्त हाफ क्लच लागतो. आठ माणसं आणि ट्रंका घेऊन कशेडी चढायचा असता तर मी हा डबा घेतला नसता. शिवाय जुन्या सरळ दातांचा पहिल्या गिअरमधला तो कुईं असा आवाज गेला. ज्याने ऐकला नाही त्याला तो गेल्याचं कळणार नाही. मला कळतं.

जुना डबा मी टाकला नाही. तेल काढून, पुसून, जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून गॅरेजच्या खालच्या फळीवर ठेवला आहे. तुटलेल्या दाताचा तुकडाही एका डबीत आहे. भाईंनी विचारलं, विकलास का? म्हटलं, नाही. ठेवून काय करणार? याचं उत्तर माझ्याकडे नाही. अब्बांकडे ठेवायला जागा नव्हती आणि ईद जवळ आली होती. माझ्याकडे फळी आहे, बस एवढाच फरक.

जूनमध्ये ईदची नमाज झाली, घरी शीरखुर्मा झाला, आणि लेक म्हणाली, "चला पप्पा, मी नेते." आम्ही एम-40 ने दक्षिणेला निघालो, ॲबिंग्डनच्या दिशेने. तिथला कारखाना 1980 मध्येच बंद झाला, बघायला काही उरलेलं नाही. पण कुठेतरी जायचं तर तिथेच जावं असं ठरलं. ती पाचव्या गिअरमध्ये निवांत चालवत होती आणि मला हॉस्पिटलमधल्या गोष्टी सांगत होती. ओरडावं लागत नव्हतं. मध्येच तिने विचारलं, "दादाजान कसे चालवायचे?" इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं, किंवा या गाडीच्या आवाजात मला ऐकू आलं नसेल. मी तिला भरणे नाका सांगितला, सहार सांगितलं, कोंबड्या बसलेलं इंजिन सांगितलं. गुडघ्याचंही सांगितलं. ऑक्सफर्ड आलं तरी माझं संपलं नव्हतं.

मोटरवे सोडला आणि एका चौकाशी गाडी हळू झाली. समोर रेषा होती, रस्ता मोकळा होता, गाडी अजून सरकत होती. लेकीने बोलता बोलता दांडा पहिल्यात टाकला. काहीही आवाज झाला नाही. ती पुढे बोलतच राहिली.

मी खाली पाहिलं. शेजारच्या सीटवर बसून, जिथे पेडल नाही तिथे, माझ्या डाव्या पायाने गालिचा दोनदा दाबला होता.